परतीचे पत्ते

साहित्याची चर्चा करणाऱ्या या पानांवर संगणकाच्या मरणोत्तर तपासणीविषयी लिहावे की न लिहावे, याबद्दल आम्हां तिघांत बरेच दिवस मतभेद होते. आमच्यापैकी एकाने मराठी घेऊन एम. ए. केले आणि पुढे पोटापाण्यासाठी वेगळी वाट धरली. उरलेल्या दोघांचा साहित्याशी संबंध केवळ वाचकाचा. पुण्यातल्या एका कचेरीत आम्ही गेली काही वर्षे एकच काम करतो : बंद पडलेल्या यंत्रांच्या स्मृतीची प्रत वाचणे, आणि ती वाचण्याचे साधन सुधारत राहणे. हे काम पाठचिकित्सेच्या बरेच जवळचे आहे, असे आमच्या एम. ए. झालेल्या मित्राचे म्हणणे. बाकीच्या दोघांना ते आधी ओढूनताणून आणलेले वाटत होते. पुढे एक प्रकरण असे घडले की त्यांनाही ते पटले. लिहिणारा हात एकाचा आहे. ‘आम्ही’ मात्र येथे आदरार्थी नाही, खरोखरीचे अनेकवचन आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. संगणकात जे असंख्य कार्यक्रम चालतात त्यांच्या तळाशी एक कार्यक्रम असतो, त्याला कर्नल म्हणतात. कोणाला किती स्मृती द्यायची, कोणी केव्हा चालायचे, तबकडीवर काय कोठे लिहायचे, हे तो ठरवतो. वरचा एखादा कार्यक्रम कोसळला तर कर्नल त्याची निरवानिरव करतो. पण खुद्द कर्नलच्याच हातून भलते काही घडले, नसलेल्या पत्त्यावर तो वाचायला गेला, तर त्याची निरवानिरव करणारे कोणी उरत नाही. अशा वेळी तो बहुधा आपण होऊन थांबतो. बिघडलेल्या अवस्थेत पुढे रेटून लोकांची माहिती नासवण्यापेक्षा थांबलेले बरे, असा त्यामागचा विचार. या थांबण्याला ‘पॅनिक’ म्हणतात. नाव घाबरगुंडीचे, कृती मात्र शहाणपणाची. थांबण्याच्या क्षणी स्मृतीत जे जे होते त्याची उतरवून घेतलेली प्रत म्हणजे क्रॅश डंप. जुन्या लोकांच्या तोंडी ‘कोअर डंप’ हा शब्द असतो. त्यातले ‘कोअर’ म्हणजे १९५०-६०च्या दशकांत संगणकाची स्मृती ज्या बारीक चुंबकीय कड्यांची बनलेली असे त्या कड्या. कड्या केव्हाच गेल्या, शब्द राहिला; जाते गेल्यावरही आपण गिरणीत दळणच टाकतो, तसे.

ही प्रत उतरवणार कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कोसळलेल्या कर्नलच्या हाती लेखणी देणे धोक्याचे, कारण त्याचे भान सुटलेले असते. तबकडीवर लिहायला म्हणून जाईल आणि चांगल्या माहितीवर गिरगटून ठेवील. लिनक्समध्ये यावर जो उपाय २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत आला, तो आम्हांला आजही विलक्षण वाटतो. यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा एक कोपरा राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा, लहानसा कर्नल झोपवून ठेवायचा. पहिला कोसळला की दुसऱ्याला जागे करायचे. तो आपल्या राखीव कोपऱ्यातच वावरतो, पहिल्याच्या जागेला हात लावत नाही, आणि शेजारी पडलेल्या मृताची स्मृती एखाद्या फाइलीसारखी वाचून उतरवून घेतो. या पद्धतीचे नाव के-डंप. तिच्यावरचा निबंध त्याच वर्षी ऑटवा येथील लिनक्स परिसंवादात सादर झाला. त्याच्या लेखकांत विवेक गोयल आणि एरिक बिडरमन यांची नावे आहेत.

मोठ्या यंत्रांची स्मृती शेकडो गिगाबाइटांची असते, म्हणून प्रत करताना काटछाट होते. मेक-डंप-फाइल नावाचे साधन पाच प्रकारची पाने गाळू शकते : निव्वळ शून्यांनी भरलेली, तबकडीवरून आणून ठेवलेल्या मजकुराची दोन प्रकारची, वरच्या कार्यक्रमांच्या खाजगी मजकुराची, आणि मोकळी पडलेली. पाचही गाळायची असतील तर ३१ हा आकडा द्यायचा. बहुतेक ठिकाणी तोच दिलेला असतो. हा लेखनिक गाळतो ते नियमाने गाळतो, आणि पुढे वाचणाऱ्याने गाळलेल्या पानाकडे बोट दाखवले तर ‘हे पान वगळलेले आहे’ असे त्याला स्पष्ट कळते. हस्तलिखितांच्या सर्वच लेखनिकांविषयी असे म्हणता आले असते तर आपले संपादक सुखी झाले असते.

आता वाचनाचे साधन. त्याचे नावच ‘क्रॅश’. युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांत याच नावाची आज्ञा होती. तिच्या धर्तीवर रेड हॅटच्या डेव्ह अँडरसन यांनी लिनक्ससाठी ते नव्याने लिहिले आणि दीर्घकाळ सांभाळले. त्याच्या पोटात जी-डी-बी हा प्रसिद्ध तपासनीस बसवलेला आहे. डंप आणि कर्नलची खुणांसहित असलेली मूळ प्रत अशा दोन गोष्टी दिल्या की ते स्मृतीतल्या नुसत्या आकड्यांना नावे देते : ही प्रक्रियांची यादी, हा संदेशांचा रोजनामा, हा अमुक प्रक्रियेचा माग. शिवाय त्यात स्वतःची भर घालण्याची सोय आहे. आमच्या कचेरीत असा एक घरगुती विस्तार होता, आम्ही तेथे येण्याच्या कितीतरी आधी कोणी लिहिलेला. रात्रीत जमलेले डंप तो सकाळी आपोआप उघडी, प्रत्येकाचा माग काढी आणि एका पानाचा स्वच्छ अहवाल छापून संबंधितांना धाडी. ‘संबंधित’ कोण, हेही तोच ठरवी : मागात वरून पहिले जे घरचे फंक्शन सापडेल, त्याच्या लेखकाला.

माग म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते तेव्हा काम संपल्यावर कोठे परत यायचे तो पत्ता एका चळतीवर ठेवते. दुसरे तिसऱ्याला सांगते, आणखी एक पत्ता पडतो. या चळतीला स्टॅक म्हणतात. ६४ बिटांच्या नेहमीच्या यंत्रांवर लिनक्स प्रत्येक प्रक्रियेच्या कर्नलमधल्या कामासाठी असा १६ किलोबाइटांचा स्टॅक देतो. २०१४ पूर्वी तो ८ किलोबाइटांचाच होता. म्हणजे ८ बाइटांचे एक घर धरले तर २०४८ घरे. यंत्र कोसळले की ही घरे चाळायची, त्यांतले परतीचे पत्ते ओळखायचे आणि कोण कोणाच्या सांगण्यावरून तेथे पोचले होते ती साखळी लावायची.

अडचण अशी की काम संपवून परत जाणारे फंक्शन आपला पत्ता पुसत नाही. चळतीचे टोक तेवढे सरकते. घरातला आकडा जागच्या जागी राहतो. नंतर येणारे दुसरे फंक्शन त्याच घरांवर बसते. त्याने प्रत्येक घरात काही लिहिले तर जुने मिटते. पण फंक्शने पुष्कळदा कच्च्या लिखाणासाठी ऐसपैस जागा मागून घेतात आणि तिच्यात काहीच लिहीत नाहीत. त्या न लिहिलेल्या घरांत आधीच्या कामाचे पत्ते तसेच राहतात, शिळे आणि तरीही दिसायला अगदी ताज्यासारखे. धुऊन पुन्हा वापरलेल्या पाटीवर आधीची अक्षरे पुसट दिसतात. येथे ती पुसटही होत नाहीत, हीच पंचाईत.

कर्नलला हे ठाऊक आहे. मरताना तो जो संदेश छापतो त्यात ज्या पत्त्याची खात्री नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालतो. लोक या प्रश्नचिन्हांविषयी वारंवार विचारू लागले तेव्हा इंगो मोल्नार यांनी त्यांचा खुलासा लिहिला. तो आजही लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजांत आहे. पत्ता खरा आहे की शिळा हे नक्की ठरवता येत नाही, पण तो टाकून देणेही बरे नाही, म्हणून चिन्हासह ठेवतो, असा त्याचा आशय. एखाद्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत शोभावे असे हे लिखाण आहे आणि फार थोडे लोक ते वाचतात.

आमच्या कचेरीतल्या त्या यंत्रांवरचा कर्नल जुना होता आणि बांधताना त्यातून चौकटीचे दर्शक काढून टाकलेले होते. वेग थोडा वाढावा म्हणून असे करतात. त्यामुळे मागाची खात्री करण्याचे साधनच कर्नलपाशी उरले नव्हते आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह पडे. जिथे तिथे तेच चिन्ह दिसू लागले की ते कोणी वाचत नाही. विस्तार लिहिणाऱ्याने अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून सगळी प्रश्नचिन्हे गाळून टाकली होती. त्याचा हेतू आम्हांला समजतो.

आता ते प्रकरण. आमच्या शेजारच्या गटात नुकतीच लागलेली एक मुलगी होती. तिने नेटवर्कच्या एका ड्रायव्हरचा बराचसा भाग लिहिला होता. एका ग्राहकाकडली यंत्रे काही दिवसांच्या अंतराने कोसळू लागली आणि सकाळचा अहवाल पुन्हा पुन्हा तिच्याकडे जाऊ लागला. मागात वरून दुसरी ओळ तिच्या फंक्शनची, तिसरीही तिचीच. पहिली ओळ एका सामाईक फंक्शनची होती, यादीतून एखादा घटक वगळण्याचे काम करणारे. कचेरीत ते सगळेच वापरत. अर्थ उघड दिसत होता : हिने यादीत काहीतरी घोटाळा केला. तिची नेमणूक कायम व्हायची होती आणि त्या बैठकीला पंधरा दिवस होते. ती आमच्याकडे आली ती तक्रार घेऊन नव्हे. “मी त्या यादीला हातसुद्धा लावत नाही हो,” ती म्हणाली, “पण यंत्र सांगतंय म्हणजे लावत असेन कुठेतरी. कुठे ते तेवढं दाखवा.”

वाक्याचा हा उत्तरार्ध आम्हांला झोंबला.

आम्ही डंप उघडून अहवालाकडे पाठ फिरवली आणि स्टॅक घरामागून घर वाचला. प्रथम कोसळण्याचे कारण पाहिले. ते कर्नलने स्वतःच लिहून ठेवलेले असते. यादीतून घटक काढला की त्याच्या दोन्ही दर्शकांत कर्नल एक ठरावीक विषारी आकडा भरतो, यासाठी की पुढे कोणी चुकून त्या घटकाला हात लावला तर ते तिथल्या तिथे उघडकीस यावे. षोडशमान पद्धतीत अंक कमी पडतात म्हणून ए ते एफ ही अक्षरे अंकांसारखी वापरतात. या विषारी आकड्याची सुरुवातीची चार स्थाने वाचली तर डी-ई-ए-डी, म्हणजे ‘मृत’ असा इंग्रजी शब्द होतो. आमच्या डंपमध्ये तोच होता. म्हणजे एकदा यादीतून काढलेला घटक कोणीतरी दुसऱ्यांदा काढायला गेले होते.

कोण, ते पत्त्यांवरूनच कळणार होते. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. परतीचा पत्ता खरा असेल तर त्याच्या लगेच आधीची आज्ञा ‘अमुक फंक्शनला बोलाव’ अशीच असली पाहिजे. आणि ते अमुक फंक्शन म्हणजे मागातले त्याच्या वरचे फंक्शन असले पाहिजे. त्या मुलीच्या फंक्शनमधला पत्ता आम्ही या कसोटीला लावला. आधीची आज्ञा बोलावण्याचीच होती, पण बोलावणे होते एका कुलूप लावणाऱ्या फंक्शनला. यादीशी त्याचा संबंध नव्हता. मग तो पत्ता तेथे आला कसा? यादीच्या सामाईक फंक्शनने चुकीचा संदेश जुळवावा लागला तर असावी म्हणून २५६ बाइटांची कच्ची जागा मागून घेतली होती आणि तिच्यात काही लिहिण्याची वेळच आली नव्हती. त्याच प्रक्रियेने काही क्षणांपूर्वी नेटवर्कवर मजकूर पाठवला होता. तेव्हाचे ड्रायव्हरचे पत्ते त्या ३२ घरांत जसेच्या तसे पडून होते. ती घरे ओलांडून पुढे गेल्यावर कसोटीला तंतोतंत उतरणारा पत्ता मिळाला. तो साठवणुकीच्या विभागातल्या एका जुन्या फंक्शनचा होता, आणि यादी त्याचीच होती.

एका मुलीवरचे बालंट टळले, एवढ्यावर हे प्रकरण संपले असते. पण तो विस्तार रोज सकाळी नवे अहवाल छापतच होता, आणि त्यांतल्या किती ओळी शिळ्या असतील हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून त्यानंतरचे काही महिने आम्ही त्यातच घातले. जी कसोटी हाताने लावली ती साधनाला शिकवली. प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीच्या आज्ञा वाचून ते किती घरे अडवते हे काढले; त्यावरून परतीचा पत्ता नेमका कोठे असायला हवा हे कळते. मग आधीची आज्ञा पाहायची. जुळली तर ओळ निश्चित. आज्ञेत फंक्शनचे नाव नसून ‘अमुक ठिकाणी जे नाव लिहिले असेल त्याला बोलाव’ असे असले तर डंपवरून खात्री देता येत नाही. ती ओळ शक्य. मुळीच जुळली नाही तर शिळी. हे लिहायला चार वाक्ये लागली, करायला फार वेळ लागला. कंपायलर नावाचा दुवा मध्ये असतो आणि तो शहाणपणा करतो : एखाद्या फंक्शनचे शेवटचे काम दुसऱ्याला बोलावणे एवढेच असेल, तर तो परतीचा पत्ता न ठेवताच सरळ उडी मारतो. मधला माणूस साखळीतून नाहीसा होतो आणि खरा संबंधही न जुळणारा दिसू लागतो. अशा उड्या वेगळ्या ओळखून त्या ओळी आम्ही ‘शक्य’मध्ये टाकल्या.

खरा वाद चिन्हांवरून झाला. शिळ्या ओळी गाळून टाकाव्यात आणि शक्य असलेल्या निमूटपणे निश्चितांत मिळवाव्यात, असे विभागप्रमुखांचे मत. अहवाल वाचणाऱ्याला एक उत्तर हवे असते. संशय त्याच्या गळ्यात मारणे म्हणजे आपले काम त्याच्यावर ढकलणे, असा त्यांचा युक्तिवाद. तो पोकळ नव्हता, आणि आमच्या तिघांपैकी एकाला तो बराचसा पटला होता.

येथे आमच्या एम. ए. झालेल्या मित्राने एकनाथांना मध्ये आणले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद माजले तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. पुढच्या पिढ्यांच्या हाती आला तो मुख्यतः हा शुद्ध पाठ. नाथांनी काय काढले, काय ठेवले, कोठे अडखळले, याची नोंद मात्र त्यात नाही. १९०९ साली राजवाड्यांनी नाथांच्याही पूर्वीची म्हणून एक प्रत छापली आणि केवढा वाद उठला हे या पानांच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. उलट बाजूला सुकथनकर. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. सबंध संहिता १९६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. त्या आवृत्तीत जेथे संपादकाला पाठाची पुरती खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. रेघ नसलेला मजकूर आणि रेघ असलेला मजकूर एकाच ओळीत शेजारी शेजारी छापला आहे, आणि वाचणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही.

विभागप्रमुखांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “वारकऱ्यांच्या हातात कोणती प्रत असते?” प्रश्न बिनतोड होता. रोजच्या पारायणाला नागमोडी रेघांचा उपयोग नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. पण सकाळचा अहवाल ही पारायणाची पोथी नव्हे. त्यावरून कोणाची तरी चौकशी होते. आम्ही तेवढेच म्हणालो. शेवटी ठरले ते असे : निश्चित ओळींना चिन्ह नाही, शक्य ओळींपुढे नागमोडी रेघ, शिळ्या ओळी खाली वेगळ्या, बारीक अक्षरांत. कळफलकावर नागमोडी रेघेची कळ असतेच. आजवर आम्ही ती फारशी वापरत नव्हतो.

हे काम जगात आम्हीच करतो असे कोणी समजू नये. आमचे फार लहान आहे. सोलारिसच्या तपासनिसासाठी ब्रायन कँट्रिल यांनी २००३ साली याहून कितीतरी अवघड प्रश्न सोडवायला घेतला होता : स्मृतीतल्या बेनाम तुकड्यांची जात ओळखणे. ओळखीचे तुकडे कोणाकडे बोट दाखवतात ते पाहत पाहत अनोळख्यांची कुळे लावत जायचे, अशी ती रीत. लिनक्समध्ये २०१७ साली, ४.१४ या आवृत्तीत, मागाची खात्री करणारी नवी सारणी आली आणि प्रश्नचिन्हांची निकड पुष्कळ कमी झाली. जुनी यंत्रे मात्र जुनीच राहतात. या सारणीचे नाव ‘ऑर्क’. कार्यक्रमांच्या फाइलींच्या साच्याला ‘एल्फ’ म्हणत, म्हणून तपासाच्या खुणांच्या साच्याला ‘ड्वार्फ’ म्हणू लागले, आणि ऑर्क हे ड्वार्फांचे वैरी, असे अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे. ओमार सँडोव्हाल यांनी फेसबुकमध्ये लिहिलेल्या नव्या तपासनिसाचे नाव स्वर काढून लिहिलेले ‘ड्रॅगन’. त्यात डंपला पायथन भाषेतून हवे ते प्रश्न विचारता येतात, आणि आम्ही आज पहिल्यापासून सुरुवात केली असती तर बहुधा त्यातच केली असती. परीकथांचा हा सोस आम्हांला कळत नाही, पण बिनरसाच्या नावांपेक्षा बरा.

त्या मुलीची नेमणूक कायम झाली. काही महिन्यांनी तिने आपण होऊन दुसरा गट मागून घेतला. ड्रायव्हर नको म्हणाली. मूळ अहवाल अजून दप्तरात आहे, तिच्या नावानिशी. दप्तरातले बदलता येत नाही असा नियम आहे, म्हणून त्याच्याखाली आमची दुरुस्तीची टीप जोडलेली आहे. उघडणाऱ्याला ती दिसण्यासाठी पान सरकवावे लागते.

विस्तारात पुढे आणखी एक भर घालावी लागली. नागमोडी रेघा वरिष्ठांच्या सादरीकरणात चांगल्या दिसत नाहीत, तेव्हा त्या लपवण्याचा पर्याय द्यावा, अशी मागणी आली. आम्ही तो दिला. तो निवडला की रेघा जातात, शिळ्या ओळीही जातात, आणि मागाच्या तळाशी एक ओळ उमटते : ‘वरीलपैकी इतक्या ओळी अनिश्चित’. इतक्या म्हणजे किती, तो आकडा साधन स्वतः भरते. ही ओळ लपवण्याचा पर्याय अजून कोणी मागितलेला नाही.